डाव्या बाजूचा पाटा

मी आयुष्यात पाहिलेला सर्वांत भित्रा माणूस ट्रकचा मिस्त्री होता. भित्रा म्हणजे किती? स्वतः दुरुस्त केलेल्या गाडीत ते कधी बसत नसत, आणि दुसऱ्याने दुरुस्त केलेल्या गाडीत तर मुळीच नाही. नगरच्या वेशीबाहेर, पाथर्डीकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांची पत्र्याची शेड होती आणि घर तिथून दीड-दोन मैलांवर. ये-जा सायकलवर. मागून ट्रकचा आवाज आला की मिस्त्री सायकलवरून उतरणार, सायकल रस्त्याखालच्या चारीत घालणार आणि ट्रक जाऊन धूळ खाली बसेपर्यंत तसेच उभे राहणार. आम्ही ड्रायव्हर मंडळी काही कमी नव्हतो, मुद्दाम लांबलचक हॉर्न वाजवत जायचो. ते हात वर करायचे, पण बघायचे मात्र आमच्या पुढच्या चाकांकडे.

आम्ही त्यांना 'थांबा मिस्त्री' म्हणायचो. काम झालं, नट आवळले, ड्रायव्हर वर चढून बसला, चावीला हात घातला, की खालून हमखास आवाज यायचा, "थांबा जरा." आणि मिस्त्री पुन्हा गाडीखाली. एकेक नट हाताने चाचपून बघणार, पान्याने पुन्हा ताण देणार, बाहेर येऊन हात पुसणार, चार पावलं मागे जाऊन गाडीकडे बघणार, आणि पुन्हा "थांबा जरा." एकदा शेवगावचा एक ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "मिस्त्री, तुमचं आसं हाय, गाडी दुरुस्त झाली तरी जाऊ देत न्हाई." मिस्त्री म्हणाले, "जाऊ देतो की. पन परत याया पायजे का न्हाई?"

जॅकवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. जॅक लावायचा, त्याच्या शेजारी रेल्वेचा जुना लाकडी स्लीपर रचायचा, स्लीपरच्या शेजारी चाकाची गंजकी रिंग ठेवायची, रिंगेवर दगड. मग स्वतः आधी नुसता पाय गाडीखाली घालून बघायचा, मग दुसरा, आणि मग पाठीवर झोपून सरकायचं. नुसतं खाली जायलाच अर्धा तास. बाकीचे मिस्त्री हसायचे. पण त्या बाकीच्या मिस्त्र्यांपैकी एकाची चार बोटं नव्हती आणि एक काठी घेऊन चालायचा. थांबा मिस्त्रींचे दोन्ही हात-पाय शाबूत होते, हे आमच्या लक्षात कधी आलं नाही.

पुढच्या चाकांचं काम असलं की ते आधी ड्रायव्हरला विचारायचे, "घरी कोन कोन हाय?" मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा वाटलं, सोयरीक जमवताहेत की काय. मी म्हणालो, "मामा-मामी आणि मी. आईवडील नाहीत." ते मान हलवून कामाला लागले. दुसऱ्या एकाने तीन पोरं सांगितली, तर त्यांची नावं विचारली. नावं कशाला पाहिजेत म्हणून मी पुढे कधीतरी छेडलं, तर म्हणाले, "नुसती भीती कामाची न्हाई, भाऊ. कुनाची भीती ते नेमकं पायजे. मग हात बरूबर चालतो." आणि ही तुमची भीती आली कुठून, असंही मी विचारलं होतं. तेव्हा माझ्याकडे बघत म्हणाले, "भीती वाटाया कारन लागतं व्हय? तुमाला वाटत न्हाई त्याचं कारन सांगा."

मला वाटत नव्हती असं नाही. मी मॅट्रिक पास होऊन ट्रक चालवणारा माणूस, म्हणजे दोन्हीकडून गेलेला. गाडी राहुरीच्या मामांची. मामांनी मला लहानाचं मोठं केलं, शिकवलं आणि नोकरी लागेना तेव्हा हातात चावी दिली. त्या उपकाराची जाणीव ते दिवसातून दोनदा करून द्यायचे. शेवगावच्या बाजारात मी एकदा गाडी मागे घेताना एका दुकानाचा ओटा पाडला होता. त्यावर मामा चार माणसांत म्हणाले होते, "आता पुन्हा काय वाकडं झालं तर चावी काढून घीन, मग जा कुटं जायाचं तिकडं." मला रस्त्याची भीती होती, पण त्याहून मामांची जास्त होती. हे आज सरळ लिहिता येतं. तेव्हा स्वतःशी कबूल करायचीही सोय नव्हती.

ते दुष्काळाचं साल होतं. मामांचा ऊस गेलेला, गाडी मात्र दिवसभर चालू. नगरच्या गोदामातून मिलोची पोती भरायची आणि पाथर्डीकडे, शेवगावकडे न्यायची. मिलो म्हणजे परदेशातून आलेली ती लाल ज्वारी. भाकरी थापताना बायका तिला शिव्या घालायच्या, पण तिच्याच वाटेकडे डोळे लावून बसायच्या. रस्ते खडीचे, पोती ठरल्यापेक्षा जास्त, आणि गाडीचे पुढचे पाटे पार बसलेले. पाटे म्हणजे एकावर एक रचून बांधलेल्या पोलादी पट्ट्या. गाडीचं पुढचं सगळं ओझं त्यांच्यावर. चाकाचा एक्सलही त्यांनाच बांधलेला. एके सकाळी राहुरीहून येताना उजव्या बाजूची सर्वांत वरची पट्टी तडकली. पाट्याला लाकूड आणि दोर बांधून, बैलगाडीच्या चालीने, मी गाडी थांबा मिस्त्रींच्या शेडपर्यंत आणली.

कंपनीचे पाटे यायला दीड महिना लागेल, असं दुकानदाराने सांगितलं. मामांना दीड दिवससुद्धा नको होता. मिस्त्रींनी खिशातून सुतळी काढली. त्यांच्या खाकी शर्टाच्या खिशात कायम एक गाठी मारलेली सुतळी असायची. टेप होती, पण टेप ते फक्त खात्री करायला वापरायचे. सुतळीने जुने पाटे तीनदा मोजले, गाठी मारल्या, आणि सायकलवर टांग टाकून गेले. मिलिटरीच्या जुन्या लॉऱ्या लिलावात घेऊन तोडणारा एक भंगारवाला होता, त्याच्याकडून संध्याकाळी हातगाडीवर पाट्यांचे दोन सेट घेऊन आले.

"तडकला एकच, आन् दोन कशाला आनले?" मामांनी विचारलं.

"एक पाय नवा आन् एक जुना आसंल तर मानूस लंगडतो," मिस्त्री म्हणाले. "दोनी बदलू."

पाटे दुसऱ्या जातीच्या लॉरीचे. रुंदी तीच, पट्ट्या तितक्याच, लांबी एका नखाने जास्त. टोकांची भोकं मोठी होती, म्हणून त्यांत बसवायला लेथवर नवे बुश करून घ्यायचे होते. पाट्याचं मागचं टोक टांगायची कडी तिसऱ्याच गाडीची, आणि पाटा एक्सलला आवळणारे यू बोल्ट लोहाराकडून घडवलेले. "पावना पाटा हाय," मिस्त्री म्हणाले. "पावन्याची खोड आधी इचारून घ्यावी." त्याची खोड त्यांनी लगेच ओळखली. पाट्याच्या मध्यावर जे भोक असतं, ज्यातल्या बोल्टवर एक्सलची जागा ठरते, ते या पाट्यांत बरोबर मध्यावर नव्हतं. एक बाजू दोन बोटं आखूड. आखूड बाजू पुढे यायला हवी, उलटा बसला तर त्या बाजूचं चाक दोन बोटं मागे जाणार आणि गाडी त्या बाजूला ओढणार. आणि दोन्ही टोकांना बुश एकाच मापाचे केल्यामुळे पाटा उलटा बसायला कसलीच हरकत नव्हती. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मला त्यांनी एवढंच सांगितलं, "खडूची खून पुढं."

खडू निळा होता. शेडशेजारी एक शिंपी बसायचा, त्याच्याकडून मिस्त्री कापडावर आखायचा निळा खडू आणायचे. पांढरी खूण धुळीत दिसत नाही, म्हणायचे. त्या खडूने त्यांनी दोन्ही पाट्यांच्या एकेका टोकावर आडवी रेघ ओढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच बुश आणायला लेथवाल्याकडे गेले.

तेवढ्यात मामा आले. हातात पिशवी, पिशवीत नारळ, हळद-कुंकू, उदबत्ती. पाट्यांकडे बघून त्यांचं तोंड वाकडं झालं. "आसलं काळंमिचकुट सामान गाडीला लावायचं? कुनाच्या रक्तामासाचं लागलं आसंल त्याला. दत्तू, धू ते. हळद-कुंकू लाव आन् मग बसवा." आमच्याकडे ही रीतच होती. गाडीला नवा भाग लागला की तो धुऊन, पुजून लावायचा. मी डबाभर डिझेल घेतलं, गोणपाटाचा बोळा घेतला आणि पाटे चकचकीत घासले. डावा पाटा भिंतीला लागून होता म्हणून गोल फिरवून दुसऱ्या अंगावर घेतला, तीही बाजू घासली. हळद-कुंकवाची बोटं ओढली. आणि मग दिसलं, की निळी रेघ कुठेच नाही.

उजवा पाटा जागचा हलवला नव्हता, त्याचं खुणेचं टोक कोणतं ते आठवत होतं. डाव्याचं आठवेना. मिस्त्री यायच्या आत मामांसमोर कबूल करायचं, तर मामा म्हणणार, हे बघा, दुसरं वाकडं. मी भिंतीशी पडलेला चुन्याचा खडा उचलला, उजव्या पाट्यावर रेघ ओढली आणि डाव्याच्या एका टोकावर अंदाजाने तशीच ओढली. अंदाज कसला, निव्वळ मनाची समजूत.

मिस्त्री आले तेव्हा मामा घाई करत होते, गोदामातून पोती भरून गाडी त्याच दिवशी जायला हवी होती. मिस्त्री म्हणाले, "उजवा मी घेतो, डावा तुमी बसवा. खून पुढं, ध्यानात हाय ना?" मी हो म्हणालो. हळद-कुंकवाच्या बोटांत रेघ निळी की पांढरी, हे घाईत त्यांच्या ध्यानात आलं नाही. डावा पाटा मी माझ्या हातांनी बसवला. त्यांनी नंतर खालून येऊन सगळे नट आवळले. नट उत्तम आवळले होते, त्यात कधीच कसूर नसायची.

मामांनी बंपरवर नारळ फोडला. मिस्त्री बौद्ध होते. शेडमध्ये बुद्धाची तसबीर होती, तिच्यासमोर रोज सकाळी एक फूल असायचं, ते कुठून आणायचे देव जाणे, त्या साली फुलं दिसत नव्हती. नारळ फुटताना ते कधी पुढे यायचे नाहीत. बाजूला उभे राहून हात पुसत राहायचे. प्रसाद दिला तर घ्यायचे, खाऊन "गोड हाय" म्हणायचे. त्या दिवशीही बाजूलाच होते. आणि मी वर चढून चावीला हात घातला तसा खालून आवाज आला, "थांबा जरा."

सुतळी पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत धरून ते दोन्ही बाजू मोजत होते. उजवी मोजली, गाठ मारली. डावी मोजली. पुन्हा डावी मोजली. मग म्हणाले, "डावा परत उघडतो."

मामा हातात अर्धा नारळ घेऊन उभे होते. "काय म्हन्लास?"

"डावा पाटा परत उघडाया पायजे. दोन बोटं फरक दिसतोय."

"नारळ फुटलाय मिस्त्री. फुटल्या नारळावर गाडी उघडत्यात व्हय? तुला आमचं पटत न्हाई, ठावं हाय. पन आमच्या गाडीला आपशकुन करू नको."

चहा प्यायला थांबलेले दोन ड्रायव्हर होते, त्यांनीही मान डोलावली. एक म्हणाला, "आता ह्यांना नारळाची बी भीती वाटाया लागली." सगळे हसले. मिस्त्री गाडीपाशी गेले. वाकून डाव्या पाट्याच्या पुढच्या टोकावर त्यांनी अंगठा फिरवला, अंगठा उन्हात धरला. त्यावर पांढरं लागलं होतं. त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं आणि मग वर माझ्याकडे पाहिलं. मी खाली उतरलो आणि मागच्या टायरची हवा बघायला गेलो. हवा चांगली होती. तरी मी बराच वेळ तिथे बसून राहिलो.

परत आलो तर मिस्त्री जॅक, स्लीपर, पान्यांची पेटी, सगळं गाडीत चढवत होते. मग स्वतः चढले आणि माझ्या शेजारी बसले. मामा बघतच राहिले. "मिस्त्री, आन् गाडीत?"

"करंजीला बहीन हाय," मिस्त्री म्हणाले. "लई दिस गाठ न्हाई." लोक पोट धरून हसले, आता सूर्य कुठून उगवला म्हणाले. मामा नगरलाच थांबले, आणि आम्ही गोदामातून पोती भरून निघालो.

भिंगार मागे पडेपर्यंत मला कळून चुकलं होतं. गाडी डावीकडे ओढत होती. स्टिअरिंग उजवीकडे दाबून धरलं तरच सरळ चालायची, आणि ब्रेकला पाय लावला की हिसका देऊन डावीकडे जायची. माझे दंड भरून आले. करंजीचा घाट उतरायचा होता, आणि उतरताना दरी कुठे लागते ते मला ठाऊक होतं, डाव्या हाताला. मी गाडी एवढी हळू घेत होतो की एक बैलगाडीवाला माझ्याकडे चमकून बघत राहिला. मिस्त्रींचा एक हात समोरच्या पत्र्यावर, दुसरा दाराच्या कडीवर. मी ब्रेक दाबला की त्यांचाही पाय दाबला जायचा. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि ते पुसायला कडीवरचा हात काढत नव्हते.

"हात दुखाया लागला का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

मेहेकरी गेली. त्यांनी पुन्हा विचारलं, "गाडी कशी चालती?" मी म्हणालो, "बरी चालती." त्यांनी मान हलवली. सांगून टाकावं, असं मला दर मैलाला वाटत होतं, आणि दर मैलाला मी पुढच्या मैलावर ढकलत होतो. मामा तिथे नव्हते. ऐकायला शेजारचा एकच माणूस होता, आणि त्याला सगळं माहीत होतं. तरी तोंड उघडेना. एवढी भीती मी त्याआधी कधी खाल्ली नव्हती आणि नंतरही नाही.

घाटाच्या माथ्यावर दुष्काळी कामाची खडी फोडणाऱ्या बायका बसल्या होत्या. काम सुटलं होतं. पाच-सहा जणी उठून हात करायला लागल्या, त्यांना खाली करंजीपर्यंत जायचं होतं. अशा वेळी आम्ही कोणालाच नाही म्हणायचो नाही. पोत्यांवर बसवून न्यायचं, ही रीतच पडून गेली होती. मी सवयीने वेग कमी केला.

"कुनाला घेऊ नका," मिस्त्री म्हणाले.

"का? उन्हातान्हाच्या चालत जातील बिचाऱ्या."

"मी बसलोय ते माजं मी बसलोय. त्यास्नी घेऊ नका."

ते ओरडले नाहीत. हळूच बोलले, समोर बघत. हा माणूस, जो सायकलवरून जाताना ट्रक आला की चारीत उतरतो, तो उलट्या पाट्याच्या गाडीत जाणूनबुजून बसला होता. आणि दुसऱ्या कोणाला बसू देत नव्हता. मी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवरून हात सुटेनात, एकेक बोट सोडवावं लागलं.

"मिस्त्री," मी म्हणालो, "उघडा."

"व्हय," ते म्हणाले आणि खाली उतरले.

मी एवढंच म्हणालो. खूण माझी आहे, असं तेव्हाही म्हणालो नाही.

ओझ्याची गाडी रस्त्यात उचलायची म्हणजे काय, ते करणाऱ्यालाच माहीत. गाडी घसरू नये म्हणून मिस्त्रींनी चाकांना उटी लावायला दगड मागितले. बायका जमल्याच होत्या, त्यांतली एक म्हातारी म्हणाली, "दगडं न्या बाबा लागतील तेवढी, दगडाला तोटा न्हाई. पानी तेवढं मागू नका." मिस्त्री हसले. त्या दिवसातलं त्यांचं ते एकच हसू. मग जॅक, स्लीपर, बायकांनी आणलेल्या दगडांची रास, सगळं रचून झाल्यावर त्यांनी एक पाय खाली घालून बघितला, मग दुसरा. यू बोल्ट सोडले, पिना काढल्या, आम्ही दोघांनी पाटा उतरवून रस्त्यावर ठेवला. त्यांनी सुतळी धरून मला मधलं भोक दाखवलं. इकडून मोजलं, तिकडून मोजलं. "बघा, दोन बोटं," म्हणाले. शिकवावं तसं. रागाचा एक शब्द नाही. मला वाटत होतं त्यांनी मला एक ठेवून द्यावी.

पाटा फिरवून बसवेपर्यंत उन्हं कलली. आम्ही रस्त्यात बसलेलो असताना ओळखीचे दोन ट्रक गेले. म्हणजे गोष्ट मामांच्या कानांवर जाणार हे ठरलेलंच होतं. सगळं आवळून झाल्यावर मिस्त्रींनी दोन्ही बाजू पुन्हा मोजल्या आणि बायकांकडे वळून म्हणाले, "बसा आता." त्या पोत्यांवर चढल्या. घाट उतरताना गाडी लोण्यासारखी चालली. मिस्त्री डोळे गच्च मिटून, कडी धरून बसले होते. वर बायका गप्पा मारत होत्या.

करंजीला बायका उतरल्या. मी विचारलं, "बहीण कुठं राहते तुमची? घरापर्यंत सोडतो."

"बहीन न्हाई मला," मिस्त्री म्हणाले. पेटी खाली घेताना त्यांनी विचारलं, "मामास्नी काय सांगनार?"

मी स्टिअरिंगवरची धूळ पुसत राहिलो. ते थोडा वेळ वाट बघत होते, हे मला आजही जाणवतं. पुरता वेळ दिला त्यांनी. मग म्हणाले, "सांगा, मिस्त्रीकडनं उलटा बसला हुता. माजी शेड माजी हाय. तुमच्या बुडाखालची गाडी दुसऱ्याची हाय." आणि जॅक, स्लीपर उद्या शेडवर टाका म्हणून सांगून, पेटी खांद्यावर घेऊन एस.टी.च्या थांब्याकडे गेले.

मामांनी विचारलं तेव्हा मी तेच सांगितलं, शब्दाला शब्द. मामा म्हणाले, "मला वाटलंच हुतं. नारळाला हात जोडत न्हाई त्याच्या हाताला यश कुटलं?" त्यांनी ते स्टँडवर सांगितलं, गोदामावर सांगितलं, राहुरीच्या पारावर सांगितलं. जो माणूस एकेक नट चारदा आवळतो त्याने पाटा उलटा बसवला, ही मोठी मजेची गोष्ट होती. ती सांगताना लोक त्यांच्या चालण्याची नक्कल करायचे. मी तिथे असलो तर मला विचारायचे, "दत्तू, तू हुतास ना गाडीत?" मी म्हणायचो, "होतो." पावसाळ्याच्या तोंडापर्यंत त्यांच्या शेडसमोर गाडी उभी राहायची बंद झाली. मग शेडच्या पत्र्यांसकट ते शेवगावकडे सासुरवाडीला गेले.

चारेक वर्षांनी मी तिकडे गेलो. मुद्दाम गेलो. वाटेत वाक्यं जुळवत गेलो होतो. ते विहिरीवरच्या इंजिनांची आणि पंपांची कामं करत होते. केस पांढरे झाले होते, अंगाने जरा सुटलेही होते. मुलगी कॉलेजात जात होती, तिने पाणी आणून दिलं. मी म्हणालो, "मिस्त्री, त्या पाट्याचं मी मामांना..." ते मध्येच म्हणाले, "च्या घ्या आधी." चहा झाला. मग ते म्हणाले, "आता निवांत झोप लागती, भाऊ. पैलं गाडी गेली की ती खाली पोचली का न्हाई, हेच डोक्यात. आता माज्या हाताखालनं कुनाची गाडी जात न्हाई. पंप बंद पडला तर कोन मरत न्हाई." मला बरं वाटावं म्हणून ते असं म्हणत होते, की खरंच तसं होतं, ते मला अजून कळलेलं नाही. मी बरं वाटून घेतलं आणि परत आलो.

त्यानंतर मी स्वतःची गाडी घेतली. पुढच्या पाट्यांचं काम असलं की मी जेवत नाही. मिस्त्री कितीही चांगला असो, मी दोन्ही बाजू सुतळीने मोजतो. पोरं हसतात. घाटाच्या तोंडाशी माझ्या तळहातांना घाम येतो, अजून येतो. त्यांना आयुष्यभर जी भीती वाटली, ती त्यांनी मला दिली, आणि त्या भीतीनेच मला धडधाकट म्हातारा केलं. पण ती गाडीपुरतीच दिली. माणसांची भीती माझी आधीपासूनची होती, ती तशीच राहिली.

ते गेल्याचं मला नगरच्या ट्रक-अड्ड्यावर कळलं. मामा तोवर वारले होते, गाडी माझी होती, मला कोणाच्या बापाला भ्यायचं कारण उरलं नव्हतं. आम्ही सात-आठ जण चहा पीत होतो. कोणीतरी सांगितलं, "तो थांबा मिस्त्री गेला म्हनं शेवगावकडं." दुसरा म्हणाला, "कोन? पाटा उलटा बसवला हुता त्यो?" आणि सगळे हसले. वाईट मनाने नव्हे. मेलेल्या माणसाची एक गोष्ट आठवली म्हणून हसले. त्यांच्याकडे मिस्त्रींची तेवढी एकच गोष्ट उरली होती.

मी कपबशी खाली ठेवली. म्हणालो, "तो पाटा मी बसवला होता. खूण मी पुसली होती, आणि खोटी मीच काढली होती. त्यांनी घाटात उघडून सरळ केला, नाही तर मी आज इथं नसतो."

आमच्यात वयाने थोरला एक ड्रायव्हर होता, नारळाच्या दिवशी शेडवर चहा पीत उभा होता त्या दोघांतला एक. त्याने विचारलं, "आन् इतकी वर्सं आमाला त्याच्यावर हसू दिलंस?"

"हो," मी म्हणालो.

"का रं?"

"भीती वाटत होती," मी म्हणालो.

मग त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "आमी बी त्याच्याकडं जायाचं सोडलं, एका शब्दावर." आणि कोणी हाक मारली नसतानाही आम्ही एकेक जण उठून आपापल्या गाडीकडे गेलो.